टॉम पेटीचा 'फुल मून फीवर': एकट्याच्या नावावरचा अल्बम आणि गॅरेजमधली मित्रमंडळी

सहावी तार

१९९७ साली हॉस्टेलमधल्या एका सीनियरनं मला साठ मिनिटांची कॅसेट भरून दिली. पाठीवर निळ्या पेनानं एकच शब्द लिहिलेला: पेटी. रूममेटला वाटलं हार्मोनियमवादन असणार. तो स्वतः पेटी शिकलेला, त्यानं मोठ्या उत्सुकतेनं कॅसेट लावली, आणि गिटारी सुरू झाल्या. एक गिटार नव्हे, गिटारी. एकाच वेळी चार-पाच जण तीच कॉर्ड छेडताहेत असा भरीव आवाज. रूममेट ऐकत उभाच राहिला. तो म्हणाला, "हा माणूस सूर धरून ठेवतोय बघ, सोडत नाहीये." अमेरिकन रॉक गायक टॉम पेटीचं 'फ्री फॉलिन' ऐकलेल्यांना तो काय म्हणत होता ते कळेल.

सीनियरनं कॅसेट सीडीवरून भरली होती. त्यामुळे पाचवं गाणं संपल्यावर पेटीचा बोलका आवाज यायचा. तो सीडी ऐकणाऱ्यांना सांगतो की तबकडी आणि कॅसेटवाल्यांना आता उठून बाजू पालटावी लागणार, तेव्हा त्यांचा मान राखून आपण जरा थांबू. मी कॅसेटवरच ऐकत होतो, आणि माझी बाजू तिथे संपत नव्हतीच. ती संपायची पुढे 'द अपार्टमेंट साँग'च्या मधोमध, ड्रम ऐन रंगात आलेले असताना. आजही ते गाणं अखंड ऐकताना त्या जागी माझा हात आपोआप उठतो.

धागा काढायचं कारण असं, की गेल्या महिन्यात भाचीला गिटार शिकवायला घेतली आणि पुन्हा याच अल्बमपाशी येऊन पोचलो. 'आय वोन्ट बॅक डाउन'मध्ये ई मायनर, डी, जी आणि सी, बस. चार कॉर्ड्स. भाचीला आठवडाभरात आल्या. पण गाणं काही केल्या तसं वाजेना, आणि ते का वाजत नाही हे शोधता शोधता मी या अल्बमच्या जास्तच प्रेमात पडलो.

थोडी पार्श्वभूमी देतो. पेटीचा जन्म १९५०चा, फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलचा. १९७६पासून 'हार्टब्रेकर्स' हा त्याचा बँड. 'फुल मून फीवर' हा त्याचा स्वतःच्या एकट्याच्या नावानं आलेला पहिला अल्बम, २४ एप्रिल १९८९चा. त्याच्या आधीची दोन वर्षं बघायला हवीत. मे १९८७मध्ये लॉस एंजेलिसच्या एन्सिनो भागातलं त्याचं घर जळालं. आग कुणीतरी मुद्दाम लावली होती आणि लावणारा कधीच सापडला नाही. बायको-मुलीसह तो कसाबसा बाहेर पडला. त्याच वर्षाच्या अखेरीस, सिग्नलला गाडी थांबली असताना शेजारच्या गाडीत त्याला संगीतकार-निर्माता जेफ लिन दिसला. लिननं नुकताच बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनचा 'क्लाउड नाइन' हा अल्बम केला होता आणि पेटी त्या दिवसांत तोच ऐकत होता. त्यानं हाक मारली, ओळख वाढली, दोघं एकत्र बसून गाणी करायला लागले.

'फ्री फॉलिन' त्यातूनच झालं. पेटी एका छोट्या कीबोर्डवर बोटं फिरवत होता, सुचतील ते शब्द म्हणत होता, समोरच्याला हसवावं म्हणून. ध्रुवपदाचे शब्द लिनच्या तोंडून आले. कीबोर्डवर सुचलेलं हे गाणं पुढे जगभरातल्या गिटार शिकणाऱ्यांचं पहिलं-दुसरं गाणं झालं.

ध्वनिमुद्रण बरंचसं झालं ते हार्टब्रेकर्सचा गिटारवादक माइक कॅम्पबेल याच्या घरच्या गॅरेजमध्ये. निर्माते तिघं: लिन, पेटी आणि कॅम्पबेल. लिनची पद्धत अशी की साध्या खोक्याच्या गिटारी घ्यायच्या, तोच ठेका, त्याच कॉर्ड्स, आणि थरावर थर चढवायचे. ड्रमला घुमारा म्हणून ठेवायचा नाही, कोरडा ठणठणीत आवाज. त्या काळातली इतर गाणी आठवा, ड्रम म्हणजे गुहेत दगड पडल्यासारखे. इथे मात्र वादक तुमच्याच खोलीत बसलेत असं वाटतं.

भाचीचं गाणं तसं वाजेना ते यामुळेच. चार कॉर्ड्स कुणालाही येतात. त्याच कॉर्ड्स पाच वेळा वाजवायच्या आणि पाचही वेळा हात एकाच क्षणी पडला पाहिजे, ही खरी तालीम. मी फोनवर माझ्या स्वतःच्या गिटारीचे तीन थर एकावर एक ठेवून बघितले. पहिल्या दोन ओळी जमल्या, तिसरीपासून पावसाचे टपोरे थेंब पत्र्यावर पडावेत तसा आवाज यायला लागला. 'साधा अल्बम आहे' म्हणणाऱ्यानं एकदा हे करून बघावं.

तुमच्या आठवणी, मतं, मतभेद, सगळं येऊ द्या.

मुक्तछंदी

सुंदर लिहिलंयस. रूममेटचं निरीक्षण फार आवडलं.

पण मतभेद मागितलेस म्हणून सांगते. माझ्या लेखी पेटीचा खरा एकट्याचा अल्बम 'वाइल्डफ्लॉवर्स', १९९४चा. त्याचा संसार तेव्हा मोडायला आला होता आणि ते त्या गाण्यांत उतरलंय. 'फुल मून फीवर' ऐकताना मला लख्ख घासलेली भांडी दिसतात. सगळं चकचकीत, कुठे डाग नाही. लिनचा हात इतका जाणवतो की कधी कधी पेटी त्याच्या मागे उभा आहे असं वाटतं.

ढोलकी_ते_ड्रम

मी ड्रम वाजवतो, तेव्हा माझं दुखणं मांडतो. हार्टब्रेकर्सचा ड्रमर स्टॅन लिंच या अल्बमवर कुठेच नाही. बहुतेक ठिकाणी वाजवलंय फिल जोन्सनं. बँडमधला बेनमॉन्ट टेंच आणि होवी एप्स्टाइन हे दोघंही एखाद-दोन गाण्यांपुरते आहेत. म्हणजे दहा-बारा वर्षं एका ताटात जेवलेली माणसं, आणि त्यांच्यातला एकच गिटारवादक आत, बाकीचे दाराबाहेर. पुढे याच गाण्यांनी मैदानं भरली आणि त्यांना ती रोज वाजवावी लागली. लिंचला तो सल होता, त्यानं तो लपवलाही नाही, आणि १९९४मध्ये तो बँडबाहेर पडला.

वाजवणाऱ्याच्या नजरेनं बघा. हे ड्रम 'सरळ' आहेत, त्यात दाखवायला काही नाही. पण सरळ ठेका चार मिनिटं त्याच वजनानं धरणं किती अवघड असतं हे ज्यानं भजनात रात्रभर साथ केलीय त्याला विचारा. मी जोन्सला मानतो. लिंचसाठी वाईट वाटतं, ते वेगळं.

सहावी तार

@मुक्तछंदी, 'वाइल्डफ्लॉवर्स'बद्दल मी भांडणार नाही, तो माझ्याही उशाशी असतो. पण दुःख दिसलं म्हणजेच माणूस खरा, हे मला पटत नाही. ज्याचं घर पेटवून दिलंय तो माणूस दीड-दोन वर्षांत इतका मोकळा, हलका अल्बम करतो, त्या हलकेपणात मला जास्त काही दिसतं. 'आय वोन्ट बॅक डाउन' लिहिल्यावर पेटीला स्वतःलाच धास्ती वाटली होती. शब्द फारच उघडे आहेत, आडपडदा काहीच नाही, म्हणून. तरी त्यानं ते तसंच ठेवलं. भांडी लख्ख आहेत खरी, पण ती आगीतून काढलेली भांडी आहेत.

@ढोलकी_ते_ड्रम, लिंचची बाजू मांडलीत ते बरं केलंत. मूळ लेखात ती यायला हवी होती. 'द अपार्टमेंट साँग'मधली ड्रमची मधली जागा मात्र पुन्हा ऐका, तिथे सरळपणा सोडून मस्त धावलेत.

आलेपाक

त्या 'आय वोन्ट बॅक डाउन'ची एक गोष्ट कुणी सांगितली नाही अजून. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी पेटीला सडकून सर्दी झाली होती, गळा बसलेला. जॉर्ज हॅरिसन गिटार वाजवायला आणि मागे गायला आला होता. तो बाजारात गेला, आलं घेऊन आला, पातेल्यात उकळलं आणि पेटीला म्हणाला, घाल डोकं. वाफारा घेतल्यावर नाक-गळा मोकळा झाला आणि मग पेटी गायला. ही गोष्ट पेटीनंच सांगितली आहे.

माझ्या आईकडे याच कामासाठी काठ कोचलेलं एक पितळी पातेलं आहे. डोक्यावर टॉवेल, खाली आलं आणि ओवा, आणि बाहेरून आईची ताकीद, "डोळे मीट, तोंडानं श्वास घे." त्या गाण्यातला पेटीचा आवाज मी आता तसाच ऐकते. नुकताच टॉवेलखालून बाहेर आलेला, किंचित ओलसर, नाकातून मोकळा सुटणारा.

हॅरिसनचा आपल्याकडचा धागा रसिकांना ठाऊक असेलच. जानेवारी १९६८मध्ये त्यानं मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत इथल्या वादकांना घेऊन 'वंडरवॉल म्युझिक' या त्याच्या अल्बमसाठी ध्वनिमुद्रण केलं होतं. 'द इनर लाइट'चं वाद्यसंगीतही त्याच मुक्कामातलं. बीटल्सचं गाणं आणि मुंबईचे वादक! मला त्याचा फार अभिमान वाटतो.

व्हॅलीवासी

गेली चौदा वर्षं लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो व्हॅलीत राहतोय. 'फ्री फॉलिन'मधल्या जागा माझ्या रोजच्या येण्याजाण्याच्या आहेत, म्हणून लिहावंसं वाटलं.

व्हेंचुरा बुलेव्हार्ड म्हणजे डोंगराच्या पायथ्यानं जाणारा लांबच लांब रस्ता. एन्सिनो, टारझाना, वुडलंड हिल्स, एकामागून एक वस्त्या. जेवणाची दुकानं, कपडे धुऊन देणारे, गाद्यांची दुकानं. नवख्याला यात गाणं लिहिण्यासारखं काही दिसणार नाही. वर डोंगराच्या धारेवर मुलहॉलंड ड्राइव्ह. तिथून रात्री अख्खी व्हॅली दिव्यांची चटई अंथरल्यासारखी दिसते. आणि रेसिडा त्या चटईच्या मधोमध: सपाट, आखीव, बैठ्या घरांचं, उन्हाळ्यात भट्टीसारखं तापणारं.

गाण्यातली मुलगी तिथली. आईवर, देवावर, देशावर प्रेम करणारी सरळ पोर. घराच्या परसातून हमरस्ता गेलेला. आणि मुलगा तिला सोडून आलाय, त्याला तिची आठवणही येत नाही, आणि तेच त्याला डाचतंय. लोक हे गाणं मोकळेपणाचं म्हणून गाडीत मोठ्यानं लावतात. मीही लावायचो. माझी मुलगी बारावीत गेल्यावर एका संध्याकाळी मुलहॉलंडवरून खाली येताना नीट ऐकलं तेव्हा समजलं की शेवटच्या कडव्यात त्याला वरून तरंगत जायचंय, आकाशात तिचं नाव लिहायचंय, आणि मग हे जगच काही काळ सोडून जायचंय. अपराधी माणसाचं गाणं आहे ते. सूर उजेडाचा आणि आत ही काळोखी. मुक्तछंदीताई, डाग आहे हो. फक्त तो भांड्याच्या आतल्या अंगाला आहे.

मुक्तछंदी

@व्हॅलीवासी, हे वाचून उठून गाणं लावलं. मान्य. या गाण्यापुरतं पूर्ण मान्य.

'झोम्बी झू' मात्र मी अजूनही पुढे ढकलते. रॉय ऑर्बिसन मागे गायलाय म्हणून तेवढं ऐकते. डिसेंबर १९८८मध्ये तो गेला, अल्बम आला तेव्हा तो नव्हता. त्याचा तो आवाज अशा हलक्याफुलक्या गाण्यात ऐकताना गलबलतं.

नवी_पालवी

मी या सगळ्यात फार लहान आहे, वय २१. डिसेंबर २०२३मध्ये 'जीटीए ६' या व्हिडिओ गेमचा पहिला ट्रेलर आला, त्यात 'लव्ह इज अ लाँग रोड' होतं. मला वाटलं नवीन बँड आहे. शोधलं तर गाणं माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचं निघालं. तिथून अख्खा अल्बम ऐकला. 'फ्री फॉलिन' ओळखीचं होतं, पण मी ते जॉन मेयरचं समजत होतो.

तीन प्रश्न आहेत. सॅम स्मिथच्या गाण्याचं काय झालं होतं? 'रनिंग डाउन अ ड्रीम'च्या शेवटी जे वाजतं ते कोण वाजवतंय? आणि गिटार घेऊन चार महिने झालेत, 'फ्री फॉलिन'ची सुरुवात कशी वाजवायची?

सहावी तार

@नवी_पालवी, ये ये. लहान-मोठं काही नसतं इथे. मलाही हा अल्बम आठ वर्षं उशिराच मिळाला.

सॅम स्मिथचं 'स्टे विथ मी' २०१४चं. त्याच्या ध्रुवपदाची चाल 'आय वोन्ट बॅक डाउन'च्या ध्रुवपदाशी जुळते. प्रकरण कोर्टात गेलंच नाही, आपसात मिटलं, आणि पेटी-लिनची नावं गीतकार म्हणून त्या गाण्याला जोडली गेली. पेटीनं जाहीरपणे सांगितलं की त्याच्या मनात सॅमविषयी काही राग नाही, गाणी करताना असं होतं.

शेवटचं गिटारवादन माइक कॅम्पबेलचं. सुरुवातीची खाली उतरत येणारी गतही त्याचीच. गाण्याचे शब्द संपून जातात आणि तो वाजवत राहतो, गाणं हळूहळू विझेपर्यंत. गाण्यात डेल शॅनन या जुन्या गायकाचा उल्लेख येतो. पेटी, लिन आणि कॅम्पबेल तिघंही त्याला मानायचे आणि त्याच सुमारास त्याच्यासोबत कामही करत होते. फेब्रुवारी १९९०मध्ये शॅनन गेला.

आता वाजवणं. तिसऱ्या पट्टीवर कापो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लाव. डी कॉर्ड धर. करंगळी मोकळी असेल, ती पहिल्या तारेवर, कापोपासून तिसऱ्या पट्टीत टेकव. झाला डी सस फोर. उचल, पुन्हा डी. मग ए, आणि त्यातही तीच टेकव-उचल, फक्त दुसऱ्या तारेवर. अर्धं गाणं तिथेच आलं. ते लोंबकळल्यासारखं वाटतं ना, सुटेल सुटेल आणि सुटत नाही, ते त्या करंगळीमुळे. माझा रूममेट म्हणाला होता ते हेच.

मातीचा_रंग

मी फारसा लिहीत नाही इथे. सांगलीत छपाईचा व्यवसाय आहे. ऑगस्ट २०१९च्या महापुरात आमच्या छापखान्यात छातीएवढं पाणी होतं. पाणी उतरल्यावर दार उघडलं तर ऑफसेटच्या रोलरांमध्ये गाळ घट्ट बसलेला, कागदाची रिमं फुगून एकमेकांना चिकटलेली, आणि तो वास. वडील दारातच बसले.

माझ्या धाकट्या भावानं मोबाइलवर 'आय वोन्ट बॅक डाउन' लावलं. धीर वगैरे देण्यासाठी नाही, ते त्याचं नेहमीचं गाणं. आम्ही दोघं ब्रश घेऊन रोलर घासायला बसलो. त्या गाण्याची चाल घासायला नेमकी आहे, जलद नाही, रेंगाळत नाही. पुन्हा पुन्हा तेच लावत एक रोलर साफ झाला. आज पेटीच्या घराच्या आगीचं वाचलं आणि कळलं की ते गाणं कुठून आलंय. भावाला धागा पाठवलाय.

एक यंत्र वाचलं, दुसरं भंगारात गेलं. वाचलेलं अजून चालू आहे.

आलेपाक

@मातीचा_रंग, वाचून काय लिहावं सुचत नाही. वडिलांना नमस्कार सांगा.

त्याच गाण्याचं आणखी एक रूप ऐका, जमलं तर भावासोबत. २००० साली जॉनी कॅशनं ते गायलं, आजारपणात, थकलेल्या आवाजात. आणि त्याच्या मागे पेटी स्वतः गायलाय. ज्याचं गाणं तो मागच्या रांगेत.

ढोलकी_ते_ड्रम

मातीचा_रंग, मनापासून सलाम.

या अल्बमला कंपनीनं आधी नकार दिला होता, हे यायला हवं. एमसीए या त्याच्या रेकॉर्ड कंपनीच्या तेव्हाच्या वरिष्ठांना यात गाजेल असं एकही गाणं दिसलं नाही. पेटी खट्टू झाला, पण अल्बम मोडून नवा केला नाही. मधल्या काळात त्या मित्रांची 'ट्रॅव्हलिंग विल्बरीज' ही मंडळी, म्हणजे बँड, जमली. तीही कशी, तर हॅरिसनची गिटार पेटीच्या घरी राहिली होती, ती न्यायला तो आला आणि म्हणाला, तूही चल. बॉब डिलन, ऑर्बिसन, लिन, हॅरिसन आणि पेटी. ऑक्टोबर १९८८मध्ये तो अल्बम आला आणि गाजला. इकडे एमसीएचे वरिष्ठ बदलले, पेटीनं जवळपास तोच अल्बम पुन्हा ऐकवला, आणि नव्या लोकांनी तो हसत घेतला. अमेरिकेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, पन्नास लाखांच्या वर खपला.

माझं लिंचविषयीचं दुखणं कायम आहे. पण काल रात्री पूर्ण अल्बम हेडफोन लावून ऐकला. 'ऑलराइट फॉर नाऊ' या अंगाईला ड्रम नाहीतच, आणि मला त्यांची उणीव भासली नाही. ड्रमवाल्याकडून हे घ्या.

व्हॅलीवासी

पेटी २ ऑक्टोबर २०१७ला गेला. त्याच्या गावी, गेन्सव्हिलला, विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यांत तिसरा टप्पा संपला की तेव्हापासून अख्खं स्टेडियम 'आय वोन्ट बॅक डाउन' गातं. माझी मुलगी आता फ्लोरिडात शिकते. पहिल्या सामन्याला गेली तेव्हा तिनं तिथून फोन लावून धरला. शब्द काही नीट ऐकू येत नव्हते, हजारो लोकांचा गलका नुसता. पण चाल ओळखू येत होती. "बाबा, तुमचं गाडीतलं गाणं," एवढंच ती ओरडून म्हणाली.

नवी_पालवी

दादा, करंगळीचं जमलं! डीवरचं जमलं, एवरचं अजून दुसऱ्या तारेऐवजी भलत्याच तारेवर पडतंय. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "हे कुठलं रे? तेच तेच छान वाजतंय." बोटाला पाणीदार फोड आलाय, दोन दिवस थांबू की वाजवत राहू?

सहावी तार

आज थांब. फोड फोडू नकोस, आपोआप सुकू दे. तोवर उजव्या हाताचं काम कर: डावा हात तारांवर नुसता टेकवून तारा मुक्या कर आणि अल्बम लावून त्याच्याबरोबर फक्त ठेका धर. पहिलं गाणं, चार मिनिटं, हात एकदाही न थांबवता. भाचीलाही मी सध्या तेवढंच करायला लावलंय.